ओघळ

दुपारी रंग मारायचा नाही.
एप्रिलात भिवापुरात गनमधून सुटलेला रंग
लोखंडापर्यंत पोचतच नाही,
वाटेतच त्याची भुकटी होते.
"पाचाले ये," डोमाजी मिस्त्री म्हणाले,
"ब्लॉक थंडा राह्यते. लाइन बी राह्यते."

कुंदाताईच्या मिरची-कांडपाचं इंजिन.
चार दिवस मी ते धूत होतो,
डिझेल, मग कॉस्टिक, मग तारेचा ब्रश.
ग्रीसमध्ये बारा वर्षांचं तिखट मुरलेलं.
ब्रश फिरला की शिंका सुरू,
मला, आणि समोर पानठेल्यावर शालिकला.

हिरव्याखाली निळा निघाला.
निळ्याखाली करडा, टरफलासारखा सुटणारा.
त्याखाली रेड ऑक्साइड, आणि त्याखाली
साच्यातल्या वाळूची खरखर अजून अंगावर घेऊन
उघडं बीड.

मी आधी पाट्या रंगवायचो.
'येथे पंक्चर काढून मिळेल',
'शुद्ध मिरची पावडर',
सरपंचाच्या नावातला रफार तर दोन-दोनदा.
मग फ्लेक्स आलं.
आता अक्षरं नाहीत, नुसतं अंग,
एका कुशीवर ओतीव आकडे तेवढे
आणि त्यांत एक चार जरा तिरपा.
माझा असता तर पुसून पुन्हा काढला असता.

संपच्या बैठकीखाली, कडेला,
एक ओघळ सापडला.
थिजलेला, तांबडा, मसुराच्या डाळीएवढा.
कोणीतरी घाई केली होती.
किंवा थिनर जास्त झालं होतं.
किंवा त्याला मधेच कोणी जेवायला बोलावलं होतं.
मी नुसतं नख लावून पाहत होतो.
"काढ ना बावा," मिस्त्री म्हणाले, "पाणी धरते ते."
काढला.

रात्री बोअरवर ग्रीस लावलेला पेपर,
भोकांत जुने बोल्ट,
थिनरचं शेवटचं फडकं.
मग जाता जाता, उगाच, हात ठेवला त्याच्यावर,
जसा बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवतात.
पहाटे पाहतो तर पाचही बोटं उमटलेली,
गंजानं.
मिस्त्री काही बोलले नाहीत. पॉलिश पेपर पुढे केला.

वरचा रंग मोरपंखी ठरला आहे.
"लाल नोको," कुंदाताई म्हणाली,
"दिवसभर लालच पाह्यते मी."
पण आधी प्राइमर, आणि तो लालच.
पहिला हात इतका पातळ
की आतलं लोखंड दिसत राहिलं पाहिजे.
थांबायचं. बिडी एक.
दुसरा हात आडवा,
कोपऱ्यांत आधी, सपाटीवर मग,
मनगट न वळवता, पाटीवरची शिरोरेघ ओढावी तसा.
पत्र्यांच्या फटीतून उजेड आला तेव्हा
सगळा ब्लॉक एका रंगाचा होता.

गन धुताना दिसलं:
त्याच कडेला, त्याच जागी
एक थेंब जमून आलेला, पडायच्या बेतात.
बोट लावावं तर ठसा.
न लावावं तर—

"ओ पेंटर,"
शालिकनं आवाज दिला,
"चहा झाला ना."