पंच क्रमांक दोन

उद्यमनगरात सत्तावीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
बोअर किती मोठं झालं, ते आधी बोटाला कळतं,
मग मायक्रोमीटरला.
म्हणूनच असेल, हवालदार म्हणाले,
"मगदूम, तुम्ही सरळ माणूस. पंच व्हा.
धा मिनिटांचं काम हाय."

रात्रीचे पावणेदहा.
शेजारी कापशेंच्या घरात
चपला न काढता पाच जण शिरले,
त्यात पंच क्रमांक एक, पानपट्टीचा यासीन जमादार.
सहावा मी. मी चपला काढल्या.
सवयीनं.

शोधायची होती तांब्याची तार,
चाळीस किलो, फौंड्रीतून गेलेली.
संशय धाकट्या भावावर, तो घरी नव्हता.
घरी निर्मला,
हातात पिठाचा गोळा, तवा तापलेला.
"गॅस बंद करू का?"
परवानगी तिनं मागितली.
आमच्यातल्या कुणी मागितली नव्हती.

चाळीस किलो तार
एका घागरीत मावणार नाही, दोन लागतील,
एवढा हिशेब लेथवरल्या पोरालाही जमतो.
तरी कुंकवाचा करंडा उघडला गेला.
गोळ्यांचं पाकीट दिव्याखाली धरून
कुणीतरी नाव वाचलं, मोठ्यानं.
ती गोळी कशावरची,
हे त्या खोलीत एकटीलाच ठाऊक होतं.
आता सात जणांना.

मग फोन.
"लॉक काढा."
अंगठ्याला पीठ. दोनदा उघडला नाही,
तिसऱ्यांदा उघडला.
एक जण फोटो सरकवत राहिला
दुसऱ्याच्या ताटातलं निवडून खावं तसा.
एका फोटोपाशी थांबला. हसला.
मी पाहिला नाही.

खोटं.
मी पाहिला.

पंचनामा लिहायला घेतला.
घराची चतुःसीमा:
पूर्वेस रस्ता, दक्षिणेस गटार,
उत्तरेस रिकामा प्लॉट,
पश्चिमेस मगदूम यांचे घर.
म्हणजे या घराची हद्द
मी होतो.

मुद्देमाल: निरंक.
यासीनभाईंनी सही ठोकली, न वाचता.
हा त्यांचा अकरावा.
मला दुसरा कागद दिला, कोरा.
"ह्याच्यावर बी एक."

माझ्या खिशात प्लग गेज असतो.
त्याचं एक टोक भोकात जायला हवं.
दुसरं, लाल रंगाचं, जाताच कामा नये.
ते गेलं तर जॉब कितीही चकचकीत असो,
भंगारात.

"कोऱ्यावर नाही करणार," म्हणालो.
आवाज माझाच होता का, शंका आली.
"आणि फोन पाहिला ते लिहा. पाकीट वाचलं ते लिहा."
"जप्त कुठं केलंय? घेतलं न्हाई, मग लिवायचं कशाला?"
"घेतलं नाही साहेब. पण गेलं ना."

तेवढ्यात निर्मला बोलली,
इतका वेळ भिंतीला टेकून होती:
"नका लिहू, काका.
लिहिलं की कोर्टात वाचतील.
आणखी माणसं."

माझ्या हातातलं पेन थांबलं.
तिची बाजू घ्यायला निघालो होतो
आणि तिचीच वस्तू चावडीवर मांडत होतो.

शेवटी सहीच्या वर
माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात एवढंच लिहिलं:
"तारेशी संबंध नसलेल्या वस्तू पाहिल्या गेल्या.
नावे विचारू नयेत."
खाली सही. नक्कल घरमालकिणीला द्यायला लावली.
साहेब कागदाकडे बघत राहिले,
मग माझ्याकडे.
"फुडच्या येळी दुसरा पंच बघाय पायजे."

दारात चपला घालताना
मागून गॅस पेटवल्याचा आवाज आला.
सुकलेल्या गोळ्यावर पाण्याचा हात फिरवत असेल.

घरी बायकोनं विचारलं, काय सापडलं?
निरंक, म्हणालो.

तो फोटो मात्र अजून माझ्याकडे आहे,
डोळ्यांच्या आत, कुठल्याच यादीत नसलेला.
परत करायचा आहे.
कुठं जमा करतात,
आणि पावती कोण देतं?