रशियाला जाणाऱ्याने काय खावं

आत्या शिंगाडे सोलते आहे.
उकडलेल्या सालींनी बोटं काळी झालीत,
आणि त्याच काळ्या बोटांवर ती मला
रशियातले पदार्थ मोजून दाखवते.

नवेगावच्या पलीकडे तिनं पाहिलंय ते गोंदियाचं स्टेशन,
आणि एकदा, भावाच्या ऑपरेशनला, नागपूर.
पण मागच्या हिवाळ्यात तमाराबाई
आमच्या मागच्या खोलीत अठरा दिवस राहिली,
तळ्यावरची बदकं मोजायला.
पहिले चार दिवस केळी आणि उकडलेली अंडी.
पाचव्या दिवशी चुलीपाशी आली,
पाट सरकवला तर पाटावर न बसता जमिनीवर बसली
आणि आत्याच्या हातातली पळी मागून घेतली.

"पहिले बोर्श्त खाजो," आत्या म्हणते,
"लाल असते. बीटाचं. वरतून दही, सायीचं."
तेव्हा बाजारात बीट नव्हतं,
हिनं अंबाडीची बोंडं टाकली, बटाटे, पत्ताकोबी.
रंग हुबेहूब.
तमाराबाईनं एक घोट घेतला,
आणि मान हलवली. नाही.
दुसऱ्या दिवशी अंबाडीचा पाला रटरटत होता,
आमच्यासाठी, साधाच.
तिनं तो वाटीत घेतला, गरम पाणी ओतलं,
अंडं कापून टाकलं,
आणि वाटी संपेपर्यंत बोलली नाही.
मग एक शब्द बोलली, जो आत्याला अजून म्हणता येत नाही.
शिंक येता येता राहावी, तसा शब्द.
तिच्या आईच्या कुंपणाशी उगवायचं म्हणे ते,
आंबट, फुकटचं.

"पेल्मेनी. करंजीची लहान बहीण समज,
आत खिमा, अन् पाण्यात शिजते.
पोतंभर करते अन् पोतं दाराबाहेर टांगते.
बर्फच त्यायचा फ्रीज. बिल भरा लागत नाही."
"क्वास म्हंजे आंबीलच, शिळ्या पावाची.
लाजू नोको, गिलास भरून मागजो."
"चहात दूध मागू नोको. चमचाभर मुरंबा देतीन,
तो चाटजो अन् वरतून घोट घेजो."
(तमाराबाई मोहफुलांचा पाक चाटायची,
जाताना बरणीच घेऊन गेली.)

मासोळीपाशी आत्याचा आवाज उतरतो.
ती वलथऱ्यांची लेक. तळं तिच्या माहेरचं.
"मासोळी, कांदा, मिरे, मीठ. झालं.
ना हळद, ना तिखट. नागडी मासोळी, पोरा!"
पाळीवर तीन दगड मांडून तमाराबाईनं मरळ शिजवली होती.
आत्यानं नाक मुरडलं, मग डोळे मिटून खाल्ली.
"तवा समजलं, मरळीले सोताची चव असते.
आपण इतके वर्सं हळदच खात होतो."

"अन् दारात कोनी पाव अन् मीठ घेऊन उभं राह्यलं,
तं तुकडा तोडजो, मिठात बुडवजो,
मंगच चप्पल काढजो."
जायच्या दिवशी तमाराबाईनं
आत्याच्या तांदळाच्या भाकरीला अंगठ्यानं खळगा पाडला,
त्यात मीठ भरलं,
आणि आमच्याच उंबऱ्यात उभी राहून
शेतावरून परतलेल्या आम्हाला
आमच्याच घरात या म्हणाली.
आम्ही गेलोही, जरा बिचकत, पाहुण्यांसारखे.

आत्यानं यातलं खरं बोर्श्त कधी खाल्लं नाही.
काळा पाव पाहिला, तो मोबाईलवर.
तरी सांगते ती असं, जणू परवाच जेवून आली.

सकाळी रेशन दुकानाच्या काट्यावर बॅग ठेवली.
तेवीस किलोची परवानगी. काटा चोवीसच्या पुढे.
मला वाटलं, पुस्तकं काढायला सांगेल.
तिनं चेन उघडली,
आठवडाभर खपून कुटलेल्या मसाल्याची पुडी काढली,
मग तिखटाची.
हळदीची पुडी हातात धरून
जरा वेळ तशीच उभी राहिली.
दुकानदार म्हणाला, झालं बाई, आता बराबर भरते.
तिनं पुडी परत आत घातली,
माझ्या लोकरी मोज्यात, पार बोटांपर्यंत खुपसून.