आधण

टीव्ही बिघडला का, हे मला विचारू नका.
मी त्यातलं फारसं बघितलंच नाही.
सत्तावीस वर्षं बघितले ते फक्त शेवट,
आवाज बंद करून,
नियंत्रण कक्षातल्या चौदा इंची पेटीवर,
डाव्या हाताशी टेलिफोन.

शेवटचा संवाद संपून नावं वर सरकू लागली
की अख्ख्या बेटावर माणसं एकदम उठायची
आणि आधण ठेवायची.
लाखो किटल्या, एका मिनिटात.
वेल्समधल्या एका डोंगरावर पाणी तुंबवून ठेवलेलं.
मी फोनवर म्हणायचो, सोडा.
दिवे मिणमिणले नाहीत, म्हणजे मी कामावर होतो.

शेजारी एनिड प्रॉबर्ट, कार्यक्रमांचं मासिक मांडीवर.
तिला नायकांची नावं आठवत नसत,
पण कुणाच्या मरणाला किती मेगावॅट हे तोंडपाठ.
"लग्न असेल तर सहाशे," म्हणायची,
"मोडलं तर आठशे.
आणि आज पेनल्टी हुकली तर…"
पुढे नुसती पेन्सिल चावायची.

एका गुरुवारी मालिकेतल्या बाईनं दार उघडलं.
दारात कोण, ते दाखवलंच नाही. नावं सुरू.
कुणी उठलं नाही.
काटा जागच्या जागी.
चार सेकंद. पाच.
पाणी सोडून बसलेलो, मला घाम.
मग सगळा देश एकदम उसासा टाकून उठला.
उत्तम लेखन कशाला म्हणतात ते मला विचाराल
तर मी ते पाच सेकंद सांगेन.

मेव्हणा वेंडेल नाताळात ओहायोहून यायचा.
"तुमच्या गोष्टी सहा भागांत खलास,
आजारी पोराला खाऊ मोजून द्यावा तशा.
आमच्याकडे बावीस भाग, वर्षानुवर्षं,
आणि घटकाभरानं जाहिरात."
जाहिरातीत लोक काय करतात?
"फ्रिज उघडतात."
फ्रिज तर चालूच असतो, मी मनात म्हटलं.
आणि चार घड्याळांवर जेवणारा देश
एकत्र उठणार तरी कसा?
बोललो नाही.
पाहुणा होता, आणि बाटली त्यानंच आणलेली.

मग त्यांच्या गोष्टी चांगल्या झाल्या.
वेंडेल गेल्यावर झाल्या, म्हणून कबूल करायला सोपं.
आमच्याकडे आता लोक केक भाजतात,
दुसऱ्यांची घरं बघत फिरतात,
आजीचं कपाट घेऊन येतात
आणि किंमत ऐकून रडतात.
मीही बघतो. रडतोही, कपाट खरंच सुंदर असेल तर.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी
एका गाजलेल्या मालिकेचा शेवटचा भाग होता.
पोरांनी डोंगराला सावध केलं.
नावं आली, गेली, बातम्या लागल्या.
काटा हलला, कुणी झोपेत कूस बदलावी एवढा.
पूर्वी त्या आलेखाला सुळे असायचे;
आता नुसतं बोळकं.
एनिडला पत्रानं कळवलं. तिनं उत्तरात
फक्त हवामानाबद्दल लिहिलं.

काल फ्लोरा, माझी नात, श्रूजबरीला राहायला आली.
रात्री दोनला पांघरुणात बसून
अमेरिकन मालिकेचे चार भाग एका दमात.
पाचव्याला मला शेजारी बसवलं.
एक माणूस गाडीत बसलाय.
पाऊस नाही, बंदूक नाही, कुणी बोलत नाही.
तीन मिनिटं!
आणि माझी नजर हलेना.
एवढ्यात तिनं त्याला थांबवलं,
तोंड अर्धं उघडं, काही सांगणार होता,
आणि चहा टाकायला आत गेली.

माझा डावा हात
सोफ्याच्या कडेला टेलिफोन चाचपत होता.

"साखर किती?" तिनं आतून विचारलं.