सहाने

आमच्या मैदानाला छप्पर नाही.
साखळीच्या चढावर, कॉलेजच्या मागे,
चिरे फोडून सपाट केलेला तुकडा.
खालून खनिजाचे ट्रक जातात
आणि नाताळापर्यंत चेंडू इतका लाल होतो
की कोणाला कुठे लागला
ते कपडे धुताना आईलाही वाचता येते.

मी बारावी. गुडघ्याला पट्टा, हातात पेन.
वैदेही माजिक: नऊ.
ग्रेसिला: चौदा,
त्यातले दोन चुकून, ती पास देत होती.
मोंतेरो सर शिट्टी दातांत धरून बोलतात,
त्यांचे साधे वाक्यही फाउलसारखे लागते.

चतुर्थीला पाच दिवस सराव बंद.
सहाव्या दिवशी सगळ्या आल्या, नेवऱ्यांनी जड,
आणि डिचोलीकडून अकराने हरलो.
ते पान मी जरा बारीक अक्षरात लिहिले आहे.

मग काय झाले कोण जाणे.
फोंड्यात जिंकलो.
म्हापशात दिवे गेले, अर्ध्या तासाने आले,
तोवर ग्रेसिलाने समोरच्या अख्ख्या संघाला
चणे वाटून टाकले होते;
तरी जिंकलो.
केप्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
चेंडूचे अर्धे तिकीट काढा.
वैदेहीने त्याला मांडीवर घेतले:
तीन वर्षांचा नाही झाला हो अजून.

जानेवारी. मडगाव.
लाकडी फरशी, बुटांचा चिरचिर आवाज,
आमच्या तळव्यांना न ओळखणारी.
सरांनी पेनाने हातावर आकडा लिहून दाखवला. सात.
नुसते जिंकून भागणार नव्हते.
आज जिंकलो तर त्यांचे आणि आमचे सामने सारखे,
आणि चषक वजाबाकीत.

एकावन्न–पंचेचाळीस.

मी दोनदा वजा केले.
शेजारच्या टेबलावरच्या, त्यांच्या चष्मेवाल्या मुलीनेही केले,
आणि माझ्याकडे न बघता पेनाचे टोपण लावले.
जिंकलेल्या रडत होत्या.
हरलेल्या एकमेकींना उचलून घेत होत्या.

परतताना मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली.
मुक्ता शेट्ये, तोंड उघडे,
केसांत अजून मडगावचा घाम.
ऑक्टोबरात, पेडण्याशी घरच्या सामन्यात,
तिने दुरून टाकला होता एक,
जाळीला न हलवता आत गेलेला.
पंचांनी टेबलाकडे बघितले: तीन?
मी म्हटले, पाय रेषेवर होता. दोन.

पाय होता रेषेवर.
ती रेष पावसाने खाल्ली होती,
म्हणून आदल्या संध्याकाळी मीच आखली, चुन्याने.
दोरीचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते,
दगडाखाली ठेवले.
दगड सरकला असेल, नसेल.

वहीबद्दल कोणी काही विचारलेले नाही.
उद्या लवकर जाणार आहे, टेप घेऊन.
मोजून पुढे काय करायचे
ते अजून ठरलेले नाही.