सातवी नळी

चार वाजता गुलबक्षी उमलते
विष्णुपुरीत, प्रयोगशाळेच्या टाकीमागे,
तेव्हा मी हातमोजे चढवते.
गड्डा मात्र बारूळचा.
केवळमावशीनं एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलेला,
मातीसकट, वर चिठ्ठी:
धुवू नको, गुण जातो.

मी धुतला.
ठेचला, गाळला, बर्फावर ठेवला.
चार दिवसांनी हाती आलं
नखाच्या टोकावर मावेल एवढं पांढरं प्रथिन.
नाव नाही त्याला. वहीत नुसतं: सातवी नळी.

मावशीला नागीण झाली तेव्हा
लिंबाजीनं कमरेवर कावेच्या रेघा ओढल्या होत्या,
तोंड-शेपूट जुळू नये म्हणून.
माझ्या बशीतली ती नव्हे,
तिची ओठावर उतणारी बहीण.
हीसुद्धा नसेच्या मुळाशी वेटोळं करून निजते,
ताप आला की वर येते.

पेशीत शिरते रिकाम्या हातानं.
जातं तिथलं, खुंटा तिथला,
दाणे तेवढे हिचे.
रात्रभर हिचंच दळण.

सातव्या नळीतलं पांढरं
दाराशी भांडत बसत नाही.
सरळ जात्यापाशी जातं,
हजारो अक्षरांतलं
एक खुडतं.
खुंटा निघाला.
पाळू जागच्या जागी.

मंगळवारी जांभळा रंग ओतला.
पहिली बशी, औषधाविना: चाळणी.
दुसरीत चौदा भोकं.
तिसरीत एक नाही,
टपोऱ्या जांभळासारखी भरीव.
मुजीबभाईंनी ती खिडकीकडे धरली,
"मॅडम, ये तो पूरी साबूत है."

चौथीत मात्रा दुप्पट होती.
तिथंही भोक नव्हतं.
भोक पडायला काही उरलंच नव्हतं.
घरचंही दळण थांबलेलं.

रात्री मावशीचा फोन.
"काय शोधायलीस गं इतके दिवस?"
माप, म्हटलं.
"मंग गड्डा उकळून देऊ का? शेजारच्या पोरीचा ओठ लई उतलाय."
नको मावशी. उकळलं की ते मोडतं,
कच्चं खाल्लं तर पोट धरून बसेल पोरगी.
आणि बशी म्हणजे माणूस नाही.
नसेत निजलेलीपर्यंत तर
माझं पांढरं पोचतच नाही.

बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली,
"लिंबाजी तरी काय येगळं करत होता?
रेघच वढायचा की."

फोन ठेवला.
तिसऱ्या आणि चौथ्या बशीच्या आकड्यांमध्ये
एक रेघ ओढली, पेन्सिलीनं.
शाई नको अजून.
उद्या परत मोजायचंय.