उपस्थित दहा, सह्या नऊ

रेकॉर्ड रूममध्ये वाळवीनं अर्धं दशक खाल्लंय.
उरल्यात एक ठराव, क्रमांक एकतीस :
कोष्टीपुऱ्यात सार्वजनिक नळ, एक.
उपस्थित दहा.
सह्या नऊ.

मी तीनदा मोजल्या.

दहावा एलोजी रहामीम वरसोलकर.
घासतेल, सरकी, गाड्यांचं वंगण.
बर्डीवर दुकान, मराठी पाटी,
आणि चौकटीला तिरपी ठोकलेली पितळी नळी
जिला गिऱ्हाइकं थर्मामीटर समजायची.

आजा कोकणात घाणा हाकायचा,
शनवारी बैल सोडायचा, म्हणून शनवार तेली.
नातू आला या गावात, जिथं वारांच्याच वस्त्या :
बुधवारी, शुक्रवारी, इतवारी.
"शनवारीसुद्धा आहे," तो हसून म्हणे,
"पण तीही मेली उघडीच असते!"

त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
नागपुरात सात, कामठीच्या छावणीत दोन,
दहावा रेल्वेतला गार्ड, बडनेऱ्याहून यायचा.
गाडी लेट, तर देवही लेट.
किती संध्याकाळी ते नऊजण
दाराकडं बघत बसले असतील.
दहाव्या माणसाचं वजन
त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

सभा मुद्दाम शनवारी लावली, असं माझा पणजा सांगे.
तो तिथं चपराशी.
वरसोलकर येणार नाही, गणपूर्ती होणार नाही,
पाणी पुढच्या सालावर जाईल.

तो आला.
टांगा नाही, उघडलेली छत्री नाही,
बर्डीपासून महालापर्यंत एप्रिलच्या उन्हात पायी.
हात वर केला.
टाक पुढं आला तेव्हा म्हणाला,
"आज लिहीत नाही. उद्या करतो सही."

उद्या रविवार. साहेबाच्या देवाचा.
कचेरी बंद.
सोमवारी वही लाखेनं सील.

नळावरच्या दगडात नऊ नावं आहेत.
विरोधात हात वर करणारे तिघंही
त्यात ठसठशीत कोरलेले.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथं जाऊन आलो.
तोटी नाही, दगडाला टेकून एक स्कूटर.
म्हातारी म्हणाली, "हा? तेल्याचा नळ हाये हा.
कोन तेली होता, का मालूम बाप्पा."

वहीत नवव्या सहीखाली एक रेघ कोरी.
वाळवी शाईच्या मागं मागं गेलीय.
त्या रेघेला
तिनं तोंड लावलेलं नाही.