हातचा न धरता

बाचीच्या टपाल कचेरीत मी तेवीस वर्षं शिक्के मारते.
पोस्टकार्ड वाचायचं नसतं, असं खात्याचं म्हणणं.
पण उताणं पडलेलं कार्ड
डोळ्यांना आपण होऊन दिसतं, त्याला काय करणार.

भरमाणी केदनूरकरांच्या नावची कार्डं मात्र
दिसूनही वाचता येत नसत.
पाच आकडे, जागा, पाच आकडे, जागा,
खाली कानडीत सही: रुद्राप्पा अंकलगी, मुक्काम गोकाक.

दोघं पलटणीत एका तंबूत बसून
निरोप बांधायचे, निरोप सोडायचे.
घरी आल्यावर करमेना, तेव्हा
दहा चिंचोके घेतले, शून्य ते नऊ कोरले,
पिशवीत घालून हलवले.
एक काढायचा, लिहायचा, परत टाकायचा.
कागदाखाली कार्बन. अशा दोन वह्या झाल्या,
एक घटप्रभेकाठी गेली,
एक इथं, भाताच्या कणगीमागं.

"अक्षरांचा तक्ता भिंतीवर डकवलाय बघ," काका म्हणाले,
"कुणी बी बघूंदे. गुपित तेवढं पानात.
मजकुराच्या आकड्यात पानाचा आकडा मिळवायचा.
सात नि आठ किती?"
पंधरा, म्हटलं.
"पाच. हातचा धरायचाच नाही.
जन्मभर हातचं राखून बोलणारी माणसं बघितली,
इथं राखलं की संपलं.
मग पान फाडायचं नि चुलीत. एका निरोपाला एक."

आमच्याकडं पाटीवर कुठली लिपी वर, यावरनं डोकी फुटतात.
शिनोळीला चहा प्यायला गेलं तरी राज्य बदलतं.
एका फौजदारानं एकदा कार्ड मागून घेतलं.
मराठीवाल्यानं बघितलं, कानडीवाल्यानं बघितलं,
हे आपलं आहे असं
दोघांतल्या कुणालाच म्हणता येईना.

एका फाल्गुनात वही संपत आली
आणि काकांनी काटकसर केली:
रुद्राप्पांचं कार्ड ज्या पानानं सोडवलं
त्याच पानावर उत्तर बांधलं.
माझ्याकडं दोन्हींची नक्कल होती, कबूल करते.
सवयीनं एकातून एक वजा केलं
तर पान पानाला खाऊन गेलं,
उरला मजकुरात अडकलेला मजकूर.
नऊ रात्री उसवत बसले.
एक ओळ मराठी, एक कानडी.
'रताळी काढली.'
'मोणकाल नोवु.'
त्यांचा गुडघा दुखत होता. एवढंच.

एवढंच होतं म्हणून जास्त लाज वाटली.
काकांना जाऊन सांगितलं, पान दोनदा नको.
बराच वेळ गप्प. मग हसले, "पकडलीस की पोरी."
दुसऱ्या दिवसापासून पिशवी पुन्हा खुळखुळू लागली,
आठवड्यानं नवी वही घेऊन
ते स्वतः गोकाकची बस धरून गेले.

मार्गशीर्षात काका गेले.
मी गोकाकला साधं कार्ड टाकलं, कानडीत, उघडं,
वाटेतल्या सगळ्यांना वाचता येईल असं.
अकराव्या दिवशी उत्तर.
पत्ता: भरमाणी केदनूरकर, बाची.
आत पाच पाच आकडे. तीनच ओळी.

गंगाक्कांनी वही पुढं केली,
"एकच पान शिल्लक हाय. वाच. तुला येतंय न्हवं?"

पान नसलं तर त्या आकड्यांतून काहीही निघतं.
'ये' निघतं, 'जा' निघतं.
बेळगाव कुणाचं, तेसुद्धा निघतं,
ज्याला जे हवं त्याचं, फक्त तसं पान रचायचं.
खरं पान एकच, आणि ते माझ्या हातात.

कार्डावर शिक्का मारला, तारीख नीट उमटली.
पान फाडलं, चुलीत घातलं.
वळता वळता कडेचा एक आकडा दिसला, सात,
आणि मनात लगेच बेरीज सुरू झाली.
ती मी अजून थांबवते आहे.